जुनी डाउनहिल सायकल घेताय? आधी स्प्रिंगचा नंबर विचारा

संपादक साहेब, नमस्कार.

दहावी-बारावीचे निकाल लागले की आमच्याकडे मुलं मोबाईल पुढे करत येतात, काका ही डाउनहिल सायकल ओएलएक्सवर आलीय, घेऊ का? फोटोत झाडाला टेकवलेली सायकल, पुढे जाडजूड डबल क्राउन फोर्क (पुढचं चाक धरणारा, धक्के झेलणारा दोन पायांचा भाग), आणि खाली लिहिलेलं असतं इम्पोर्टेड, मिंट कंडिशन, घ्या आणि चालवा. डाउनहिल म्हणजे डोंगराच्या दगडी उतारावर जोरात चालवायची सायकल. मी पुण्यात सायकल दुरुस्तीचं काम करतो, त्यातही सस्पेन्शनचं जास्त, म्हणून हे पत्र. किंमत सगळे विचारतात, कंपनी विचारतात, पण ही सायकल आधी किती वजनाचा माणूस चालवत होता आणि त्यात कितीची स्प्रिंग आहे हे कोणीच विचारत नाही. माझ्या मते पहिला प्रश्न हाच पाहिजे, कारण डाउनहिल सायकल ही चालवणाऱ्याच्या वजनाला लावून घ्यावी लागते, दुसऱ्याच्या वजनाला लावलेली तशीच उचलून दगडी उतारावर नेली तर ती तुम्हाला फेकणार.

आधी खरी डाउनहिल कुठली ते सांगतो. पुढे-मागे साधारण 200 मिलिमीटर ट्रॅव्हल (चाक वर दबण्याचं अंतर), हेड ट्यूबच्या, म्हणजे फ्रेमच्या पुढच्या आखूड नळीच्या, वर आणि खाली अशा दोन्हीकडे क्राउनने धरलेला फोर्क, 200 किंवा 203 मिलिमीटरच्या डिस्क, हायड्रॉलिक ब्रेक, आणि वजन 15 ते 18 किलो. चौकातल्या दुकानात डबल सस्पेन्शन म्हणून जी लोखंडी फ्रेमची, वायरच्या डिस्क ब्रेकची सायकल मिळते ती ही नव्हे, तिच्यावर डाउनहिल असं स्टिकर असलं तरी नव्हे. तिच्या मागच्या शॉकमध्ये नुसती स्प्रिंग असते, आत ऑइलचं डॅम्पिंग (उसळी आवरणारी सोय) नसतं, म्हणजे दाबली की उसळणार. सोसायटीत चालवायला ठीक आहे, उतारावर उड्या मारायला अजिबात नाही, हे पालकांनी प्लीज लक्षात घ्या.

लोक जुनीच का घेतात हे उघड आहे. चांगल्या कंपनीची नवी डाउनहिल परदेशातच साडेतीन-चार हजार डॉलरच्या घरात जाते, वर इम्पोर्ट ड्युटी, जी 2023 च्या बजेटमध्ये सायकलींवर 30 टक्क्यांवरून 35 टक्के केली, आणि जीएसटी सप्टेंबर 2025 मध्ये 12 चा 5 झाला हे चांगलंच झालं तरी सर्वसाधारण घरातल्या पोराला ते झेपणारं नाही. त्यामुळे अमेरिकेहून किंवा इंग्लंडहून परत आलेल्या कोणीतरी सामानात आणलेली, मग दोन-तीन हातांतून फिरलेली सायकल घेतली जाते. त्यात वाईट काहीच नाही, जुन्या डाउनहिल सायकली मजबूत असतात, नीट बघून घेतली तर वर्षानुवर्षं साथ देते. फक्त खिशात असतील तेवढे सगळे पैसे सायकलवर घालवू नका, निदान पाव हिस्सा तिच्या कामासाठी बाजूला ठेवा, कारण ऑइल सील, ब्रेक पॅड, बेअरिंग, टायर आणि बहुतेक वेळा स्प्रिंग हा खर्च येणारच आहे.

बघायला जाताना बॅटरी आणि ओलं फडकं घेऊन जा. चिखल पुसल्याशिवाय फ्रेम बघू नका. पुढचा हेड ट्यूब जिथे खालच्या नळीला जोडलाय तिथला जोड, पेडलच्या वरचा भाग, शॉक जिथे बोल्टने अडकवलाय ती जागा आणि मागचा त्रिकोण, या ठिकाणी केसासारखी रेघ दिसते का बघा. रंग खरवडला गेला असेल तर नखाला धातू गुळगुळीत लागतो, क्रॅक असेल तर नख अडकतं. आणि एकाच नळीवर नवा रंग किंवा मोठं स्टिकर असेल तर ते काढून दाखवायला सांगा, मालक नाही म्हणाला तर परत फिरा. मध्यंतरी एक मुलगा वडिलांना घेऊन आला होता, सायकल घेऊन झालेली, मागच्या नळीवर काळी टेप होती, टेप काढली तर खाली आर्गॉन वेल्डिंग. विकणाऱ्याने सांगितलं होतं की आता तो भाग आधीपेक्षा पक्का आहे. तसं नसतं. या फ्रेमचं ॲल्युमिनियम, बऱ्याचदा 6061, कारखान्यात वेल्डिंगनंतर भट्टीत घालून पुन्हा कडक केलेलं असतं, गल्लीत नुसतं वेल्डिंग केलं की त्या टाक्याच्या आजूबाजूचा धातू मऊ पडतो आणि पुढच्या वेळी तिथेच शेजारी तुटतं. वडिलांचा चेहरा बघवत नव्हता. ती फ्रेम मी जोडून दिली नाही आणि देणारही नाही.

सायकल उलटी करून पेडलखालचा सिरीयल नंबर वाचून घ्या. सायकलला आरसी बुक नसतं, त्यामुळे नंबर घासलेला असेल आणि बिलही नसेल तर चोरीची असू शकते. मग मागचं चाक धरून डावीकडे-उजवीकडे हलवा, टक-टक लागलं तर पिव्हटची (मागची फ्रेम जिथे हलते त्या सांध्यांची) बेअरिंग गेली आहेत. याला घाबरायचं कारण नाही, बहुतेक फ्रेममध्ये साधी इंडस्ट्रियल साइजची बेअरिंग असतात, रबरी सीलवर नंबर लिहिलेला असतो, 6902 वगैरे, तो घेऊन मुंबईत नागदेवी स्ट्रीटला गेलात तर मिळून जातात. घासाघीस करायला मात्र हा मुद्दा चांगला आहे.

फोर्कच्या चकचकीत नळ्यांवरून वरपासून खालपर्यंत अंगठ्याचं नख फिरवा. जिथे नख अडकेल तिथे ओरखडा सीलच्या आत-बाहेर करणार आणि ऑइल गळत राहणार, सील कितीही बदला. अजून एक गोष्ट जी नव्वद टक्के लोक बघत नाहीत, डबल क्राउन फोर्कच्या नळ्यांवर दोन रबरी बंपर असतात, हँडल पूर्ण वळलं की नळी फ्रेमवर आपटू नये म्हणून. जुन्या सायकलवर ते हरवलेले असतात किंवा घसरून भलत्याच जागी बसलेले असतात आणि मग पडल्यावर फोर्कची नळी थेट फ्रेमवर आपटते आणि खड्डा पडतो. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा. सर्व्हिस कधी केली तेही विचारा, फोर्कच्या खालच्या पायातलं ऑइल साधारण 50 तास चालवल्यावर बदलायचं असतं, आणि आपल्याकडे बहुतेक सायकली परदेशातून आल्यापासून उघडलेल्याच नसतात.

चाकाचं माप बघून घ्या. रेसिंगमध्ये 26 इंची चाक 2014 च्या सुमारास मागे पडलं, वर्ल्ड कपमध्ये 2017 पासून 29 इंची आलं, 2019 पासून पुढचं चाक मोठं, मागचं लहान असं चालवायलाही परवानगी मिळाली. 26 इंची सायकल स्वस्त मिळते आणि शिकायला उत्तम आहे, पण चांगले टायर आणि 20 बाय 110 मिलिमीटरचा पुढचा हब (चाकाचा मधला भाग), 150 चा मागचा हब असले पार्ट आता शोधावे लागतात.

आता सेटिंग. यावर मी जास्त लिहिणार आहे कारण खरं काम इथेच आहे. मागच्या कॉइल (स्प्रिंगवाल्या) शॉकच्या स्प्रिंगवर दोन आकडे असतात, समजा 400 आणि 3.0. पहिला म्हणजे ती स्प्रिंग एक इंच दाबायला किती पौंड लागतात, दुसरा म्हणजे ती किती इंच दाबली जाऊ शकते. दुसरा आकडा शॉकच्या स्ट्रोकपेक्षा (शॉक जितका दबतो त्या अंतरापेक्षा) कमी नसावा, नाहीतर शॉक पूर्ण दबायच्या आधीच स्प्रिंगचे वेढे एकमेकांना भिडतात आणि काहीतरी तुटतं. कंपनीगणिक स्प्रिंगचा आतला व्यासही वेगळा असतो, तेव्हा मित्राची आणून बसेलच असं नाही.

पहिला आकडा तुम्हाला योग्य आहे की नाही हे असं बघायचं. हेल्मेट, गार्ड, बूट सगळं घालून सायकलवर पेडलवर उभं राहायचं, एकाने हँडल धरायचं आणि दुसऱ्याने शॉकच्या दोन बोल्टमधलं अंतर मोजायचं, आधी रिकाम्या सायकलचं आणि मग तुम्ही उभे असताना. फरक म्हणजे सॅग. मागे तो स्ट्रोकच्या 30 टक्क्यांच्या आसपास हवा, म्हणजे 250 बाय 75 चा (75 मिलिमीटर स्ट्रोकचा) शॉक असेल तर 22-23 मिलिमीटर. तो 30 मिलिमीटर आला तर स्प्रिंग तुम्हाला मऊ आहे, प्रत्येक उडीला शॉक तळाला आपटणार. 15 आला तर कडक आहे, मागचं चाक दगडावरून उसळत राहणार आणि ब्रेकला जमीनच मिळणार नाही. इथे लोक काय करतात तर स्प्रिंगवरची रिंग आवळत बसतात. ती रिंग स्प्रिंग हलू नये इतकी आणि वर फार तर एक-दोन फेरे, त्याच्या पुढे आवळावी लागली तर स्प्रिंगच बदला, दुसरा इलाज नाही. अमेरिकेतल्या नव्वद किलोच्या माणसाची सायकल आपला पंचावन्न किलोचा मुलगा चालवतो तेव्हा त्याला ती स्प्रिंग कडक पडते, आणि तो म्हणतो सायकल हार्ड आहे, मला जमत नाही. त्याला सगळं जमतंय, स्प्रिंग चुकीची आहे.

फोर्कला सॅग साधारण 20 टक्के ठेवा, 200 मिलिमीटरच्या फोर्कला 40. नळीवर सैलसर झिप टाय लावला की किती दबला ते दिसतं. एअर फोर्क असेल तर बऱ्याच फोर्कच्या पायावरच वजनाप्रमाणे प्रेशरचा तक्ता असतो, आणि हवा शॉक पंपानेच भरायची, पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने नाही. मग रिबाउंड, म्हणजे दबलेला फोर्क परत वर येण्याचा वेग, बहुतेक फोर्कवर त्याचं लाल रंगाचं बटण असतं. पूर्ण बंद करा, क्लिक मोजत पूर्ण उघडा, मध्यावर आणून सुरुवात करा. सीटवर बसून फुटपाथच्या कडेवरून सावकाश खाली उतरा, सायकल दबून वर आली आणि स्थिरावली तर बरोबर, दोन-तीनदा हलत राहिली तर रिबाउंड फास्ट आहे, वर यायलाच वेळ लावला तर स्लो. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि आकडे वहीत लिहून ठेवा.

ब्रेकच्या बाबतीत एक धोका असा आहे की तो मला कुठल्याच जाहिरातीत लिहिलेला दिसला नाही. आपल्याकडे उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो, मोटरसायकललाही तसाच. अमेरिकेतून आलेल्या सायकलला पुढचा ब्रेक डाव्या हाताला असतो. उतारावर घाबरून माणूस सवयीच्या हाताने ब्रेक दाबतो, मागचा समजून पुढचा करकचून दाबला गेला की सरळ हँडलवरून पुढे. सायकल हातात घेतल्या घेतल्या कुठला लिव्हर कुठल्या चाकाचा हे बघा आणि सवयीप्रमाणे होज (ब्रेकच्या नळ्या) बदलून, ब्लीड करून (आतली हवा आणि जुनं ऑइल काढून) घ्या. ऑइलचंही तेच, श्रॅम, हेज, फॉर्म्युलाच्या बहुतेक जुन्या ब्रेकमध्ये डॉट फ्लुइड असतं, शिमॅनो आणि मागुरामध्ये मिनरल ऑइल. एकाचं दुसऱ्यात घातलं तर सील फुगतात आणि ब्रेक जातो, ऐन उतारावर जातो. लिव्हरवर किंवा झाकणावर लिहिलेलं असतं, वाचल्याशिवाय कोणालाही बाटली उघडू देऊ नका. डॉट फ्लुइड हवेतलं पाणी शोषतं, आपल्या पावसाळ्यात तर विचारूच नका, आणि लांब उतारावर ते पाणी उकळलं की लिव्हर हँडलला टेकतो. म्हणून जुनी सायकल घेतली की पहिलं काम ब्लीडिंग. शिमॅनोच्या डिस्कवर किमान जाडी 1.5 लिहिलेली असते, व्हर्नियरने मोजा, कमी असेल तर फेकून द्या.

टायरमध्ये साधारण 25 ते 30 पीएसआय, गेज लावून. बोटाने दाबून अंदाजे साठ भरले तर मुरमावर चाक नुसतं घसरतं. फुल फेस हेल्मेट मात्र जुनं कधीच घेऊ नका, सायकलबरोबर फुकट दिलं तरी नको, आतला थर्माकोल एकदा दबला की पुन्हा वाचवत नाही आणि बाहेरून ते कळत नाही.

आणि ही सायकल वेताळ टेकडीवर किंवा तळजाईला सकाळी घेऊन जाऊ नका. तिथे आजी-आजोबा, लहान मुलं चालत असतात, शिवाय पावसाळ्यात मुरमाच्या वाटेवर ब्रेक मारून चाक घसरवलं की तिथे चर पडतो आणि पुढच्या पावसात वाट वाहून जाते. सह्याद्रीत वर न्यायला लिफ्ट नाही, एक तर ढकला नाहीतर पिकअप करा, म्हणून ज्यांना स्वतः पेडल मारत चढायचंय त्यांना मी स्पष्ट सांगतो की 160 मिलिमीटरची एन्ड्युरो (चढायलाही जमेल अशी, कमी ट्रॅव्हलची सायकल) घ्या, डाउनहिलचा हट्ट सोडा.

आपल्या पेपरमधून माझी विकणाऱ्यांना एक विनंती आहे. जाहिरातीत मिंट कंडिशन लिहिण्याऐवजी चार गोष्टी लिहा, स्प्रिंगचा नंबर, तुमचं वजन, ब्रेकमध्ये कुठलं ऑइल आहे आणि फोर्क शेवटचा कधी उघडला. आणि सायकल दुकानदार मित्रांनो, दुसऱ्याकडून घेतलेली जुनी सायकल कोणी तपासायला आणली तर आमच्याकडची नाही म्हणून परत पाठवू नका, रीतसर पैसे घ्या, पण तपासून द्या.

आपला,
एक सायकल मेकॅनिक, पुणे