दालिकमाता कुणाची आई?

बालांबान, सेबू बेट, फिलिपिन्स
२२ एप्रिल २०२५

प्रिय अव्या,

व्हॉट्सअ‍ॅपवर तू निळ्या टिका देऊन गप्प बसतोस, म्हणून शेवटी कागद घेतला.

वहिनींशी फोनवर बोलणं झालं. त्यांच्यावर चिडू नकोस, मीच खोदून खोदून विचारलं. तुझ्या डोळ्यांत काचबिंदू आहे हे तुला गणपतीपासून ठाऊक आहे, आणि तू मला आंब्याचा भाव सांगितलास, ग्रामपंचायतीची भांडणं सांगितलीस, पण हे नाही. त्यावर मी नंतर बोलणार आहे. आधी एक गोष्ट ऐक. दोन महिने झाले, ती मी तुझ्यासाठीच राखून ठेवलीय.

नवं जहाज ताब्यात घ्यायला आम्हा चौघांना इथे पाठवलंय हे तुला माहीत आहेच. दिवसभर यार्डात हेल्मेट घालून पाईप मोजायचे, संध्याकाळी खोलीवर येऊन भात-मासे खायचे. मासे आपल्यासारखे, तिखट मात्र नावालाही नाही. तिथे एक वेल्डर पोरगा आहे, पानाय बेटावरचा. मनगटापासून कोपरापर्यंत त्याने डोळे गोंदवून घेतलेत. लहान, मोठे, अर्धे मिटलेले, असे निदान वीस तरी असतील. त्यांच्या मधोमध रोमन अक्षरांत एक नाव. मी ते आपल्या पद्धतीने वाचलं, दालिकमाता. म्हटलं, अरे ही कुठली माता, कुणाची आई? तो आधी गोंधळला, मग पोट धरून हसला. त्यांच्या भाषेत ‘माता’ म्हणजे डोळा.

आणि एवढ्या एकाच भाषेत नाही. मलायमध्ये डोळा म्हणजे माता, तिथे सूर्याला ‘माताहारी’ म्हणतात, दिवसाचा डोळा. हवाई बेटांपर्यंत जाता जाता त्याचं ‘माका’ होतं. होड्या घेऊन अर्धा समुद्र पालथा घातलेल्या लोकांनी एक शब्द बरोबर नेला, तो डोळ्याचा. पूर्वी फुरसत होती तेव्हा आपण असल्या गोष्टींवर रात्र काढली असती.

तर ही दालिकमाता म्हणजे विसाया बेटांवरची जुनी देवता. (देवतेला ते ‘दिवाता’ म्हणतात, तो आपलाच शब्द. इथल्याच लुझोन बेटावर १९८९ साली एक ताम्रपट सापडला, त्यावर चक्क शके ८२२, वैशाख महिना असा काळ कोरलाय. पंचांगवाल्या तुझ्या काकांना हे नक्की सांग.) तिच्या अंगभर डोळे. लांबचं दिसतं, दडलेलं दिसतं, आणि ज्याचे डोळे दुखतात तो तिला हाक मारतो. कथा म्हणावी अशी लांबलचक काही नाही. लग्न, युद्ध, शाप, वर यातलं पोराला काहीच सांगता आलं नाही. तिचं काम काय, तेवढं सांगितलं. मला ते आवडलं. आपल्याकडे इंद्राला हजार डोळे आहेत, पण ते कशापायी मिळाले ते सांगताना आपले कीर्तनकार आवाज खाली करतात. हिच्या जवळची म्हणायची तर आपली शताक्षी. दुष्काळात होरपळलेल्यांकडे शंभर डोळ्यांनी बघणारी, नंतर शाकंभरी होणारी.

इथे कामांची वाटणी फार बारकाईने केलेली दिसते. मिगेल दे लोआर्का नावाच्या स्पॅनिश माणसाने पानायमध्ये राहून १५८२ साली तिथल्या देवांची माहिती लिहून ठेवली. त्यात सिदापा म्हणून एक आहे. डोंगरावर त्याचं उंचच उंच झाड. मूल जन्मलं की तो त्या झाडावर त्याच्या नावाने एक खूण करतो, आणि माणसाची उंची त्या खुणेला टेकली की संपलं. डोळे तपासायला भिंतीवर टांगलेला तक्ता बघताना तुला जशी धाकधूक झाली असेल, तशीच मला हे वाचताना झाली.

पण देव बाजूला ठेव, मला खरं कौतुक त्यांच्या वैद्यिणींचं. त्यांना बाबायलान म्हणायचे. बहुतेक बायकाच, तेही वय झालेल्या. पुरुष असला तर तो बाईचा वेष घेऊन हे काम करायचा. आजार म्हणजे माणसाचा जीव कुठेतरी भटकलाय किंवा कुणी न दिसणाऱ्याने धरून ठेवलाय, आणि बाबायलानने तो कुठे आहे ते बघायचं. म्हणजे औषध नंतर, बघणं आधी. तिच्या मदतीला एक अदृश्य सोबती असतो, त्याला पानायमध्ये ‘आब्यान’ म्हणतात. शब्दाचा साधा अर्थ काय असेल? दोस्त. वेल्डरने सांगितलं तेव्हा मला आधी तुझीच आठवण झाली, आणि मग तुझा रागही आला.

पोर्तुगीज दर्यावर्दी मॅगेलन १५२१ साली इथे सेबूला उतरला. त्याच्याबरोबरच्या पिगाफेत्ताने लिहिलेला एक प्रसंग मी तीनदा वाचला. राजपुत्राचा भाऊ आजारी, चार दिवस वाचा गेलेली. मॅगेलन म्हणाला, मूर्ती जाळा, बाप्तिस्मा घ्या, हा बरा नाही झाला तर माझं डोकं उडवा. बाप्तिस्मा झाला आणि माणूस बोलला. पिगाफेत्ताच्या लेखी हा ढळढळीत चमत्कार. पण पुढे तोच लिहितो की आजाऱ्याला बदामाचं दूध पाठवलं, गादी, चादरी, उशी, गुलाबपाणी पाठवलं, आणि पाच दिवसांत तो चालायला लागला. एवढी बडदास्त ठेवली तर माझा गुडघाही बरा होईल! आणखी एक ओळ तो सहज लिहून जातो. काही म्हाताऱ्या बायकांनी त्या घरात एक मूर्ती लपवून ठेवली होती, ती आजाऱ्याने सगळ्यांसमक्ष जाळायला लावली. त्या म्हाताऱ्या कोण हे तो लिहीत नाही. पण तोच दुसरीकडे सांगतो की डुकराचा बळी द्यायचा विधी या बेटावर म्हाताऱ्या बायकांशिवाय कुणी करत नाही. माझ्या मते त्या बाबायलानच. चार दिवस त्याच त्या माणसाच्या उशाशी बसलेल्या असणार. श्रेय दुसऱ्याला गेलं आणि मूर्ती चुलीत.

पुढे पाद्री आले, त्यांनी या बायकांना चेटकिणी ठरवलं. बाबायलान गप्प बसले नाहीत. बोहोलमध्ये १६२१ साली ताम्ब्लोतने बंड केलं, त्याच सुमारास लेयतेमध्येही उठाव झाला. दोन्ही मोडून काढले.

पण काम थांबत नाही रे. डोळे दुखायचे ते दुखतातच.

गेल्या शनिवारी, ईस्टरच्या आदल्या दिवशी, मी त्या पोराबरोबर सिकिहोर बेटावर गेलो होतो. बसने सेबूच्या दक्षिण टोकाला, तिथून बोटीने नेग्रोसला, दुमागेतेहून पुन्हा बोट. हे बेट झाडपाल्याच्या वैद्यांसाठी प्रसिद्ध, आणि करणी-चेटकासाठी बदनामही. सेबूतल्या माझ्या घरमालकीणबाईंनी जाताना बजावलं, तिथे कुणी कौतुक केलं तर ‘प्वेरा बुयाग’ म्हण. म्हणजे दृष्ट लागू नये. इथे पोराला गोंडस म्हटलं की लगेच हे जोडतात. तुझ्या माईंनी मीठ-मोहऱ्या ओवाळल्या असत्या, एवढाच फरक.

वैद्यांना आता ‘मनानांबाल’ म्हणतात. ईस्टरपूर्वीच्या उपासाच्या काळातले सात शुक्रवार ते रानावनातून मुळ्या, साली, पाला गोळा करतात आणि शनिवारी डोंगरावर मोठ्या काहिलीत सगळं एकत्र शिजवतात. चर्चमधल्या जळलेल्या मेणबत्त्यांचं मेणसुद्धा त्यात पडतं. धुराने डोळ्यांतून पाण्याच्या धारा. मी म्हटलं, दालिकमातेला हा धूर सोसत नसेल, तिला तर वीस रुमाल लागतील. पोरगा हसला नाही.

माझ्या गुडघ्यासाठी एका आजीबाईंनी ‘बोलो-बोलो’ केलं. काचेच्या पेल्यात पाणी, त्यात एक काळा खडा, आणि एका नळीने त्या पाण्यात फुंकत पेला अंगाभोवती फिरवत न्यायचा. पाणी गढूळ होतं, ते फेकायचं, नवं घ्यायचं, स्वच्छ राहीपर्यंत. मी इंजिनियर माणूस, मला राहवेना. नळी मागून घेतली, उलटी करून उजेडात धरली. आजीने शांतपणे बघू दिली. मला काही सापडलं नाही, आणि पटलंही नाही. गुडघा आहे तसाच आहे. पण खोटं कशाला बोलू, गेल्या वर्षात इतका वेळ माझ्या अंगाकडे कुणी लक्ष देऊन पाहिलं नव्हतं. कंपनीच्या मेडिकलमध्ये सहा मिनिटांत शिक्का मारतात.

मग मी तुझं विचारलं. पोराने तिच्या भाषेत सांगितलं, मित्र आहे, कडेचं दिसेनासं झालंय, समोरचं दिसतं. आजी म्हणाली, तो इथे आहे का? नाही. मग मी काय बघू? थोडा वेळ गेला. डॉक्टर काय म्हणतो? म्हटलं, थेंब दिलेत. म्हणाली, मग थेंब. आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

उठताना पोराने बाही वर करून तिला हात दाखवला आणि दालिकमाता ठाऊक आहे का विचारलं. तिने नाव कधी ऐकलेलं नव्हतं. त्या गोंदणातल्या एका डोळ्यावर तिने बोट ठेवलं आणि म्हणाली, सांता लुसिया. आजीच्या देव्हाऱ्यात सांतो निन्योच्या, म्हणजे बाळ येशूच्या, शेजारी तिचं चित्र होतं. हातात तबक, तबकात दोन डोळे. डोळ्यांच्या दुखण्याला कॅथलिक लोक हिलाच साकडं घालतात, १३ डिसेंबरला सण असतो. परतीच्या बोटीत पोरगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, तीच ही, नाव बदललं. मला तसं वाटत नाही. एकीचे डोळे काढून घेतल्याची गोष्ट सांगतात, दुसरीला ते अंगभर फुटलेत. दोघींना एक म्हणणं म्हणजे दोघींवर अन्याय. पण मी वाद घातला नाही. त्याचा हात, त्याची देवता.

बोटीत मला आयटीआयची ती रात्र आठवली. दुसऱ्या वर्षी मास्तर जेवायला गेले आणि आपण दोघं शिल्डशिवाय वेल्डिंगचे टाके मारत बसलो, मर्दानगी दाखवायला. दिवसभर काही नाही. रात्री तुमच्या माडीवर डोळ्यांत वाळू ओतल्यासारखं सुरू झालं. तू भिंतीवर डोकं आपटत होतास. माईंनी बटाटे किसले, फडक्यात बांधून आपल्या डोळ्यांवर ठेवले, आणि सकाळपर्यंत दर अर्ध्या तासाने फडकी बदलली. बटाट्याने काही होत नाही, ते दोन दिवसांत आपोआप बरं होतं, हे मला पुढे बोटीवरच्या डॉक्टरने सांगितलं. सांगू दे. दोन आंधळ्यांच्या मध्ये बसून ती एकटी बघत होती.

आता मुद्द्याचं. वहिनी म्हणाल्या, थेंबांनी काहीच फरक पडत नाही म्हणून तू ते दीड महिन्यापूर्वी बंद केलेस. अरे गाढवा, फरक पडायचाच नाही त्यांनी! गेलेली नजर परत येत नाही. आहे ती टिकावी म्हणून दाब खाली ठेवायचा, एवढंच त्या बाटलीचं काम. बॉयलरचा सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला नाही म्हणून तो कुणी काढून टाकतो का? रात्री दहाला तू थेंब घातलेस की वहिनी मला एक टिंब पाठवणार आहेत. नुसतं टिंब. आमचं ठरलंय, तुझी परवानगी विचारलेली नाही. आणि संध्याकाळनंतर स्कूटर बंद. चावी वहिनींकडे आहे हे तुला कळलं असेलच.

जहाज मेअखेर पाण्यात उतरेल असं म्हणतात. ते झालं की मी येतो. तपासणीची तारीख जूनच्या पहिल्या आठवड्यात घे, मिरजेला बरोबर जाऊ. बाहेर बाकावर बसून मी तुला पिगाफेत्ताची उरलेली गोष्ट सांगेन, त्यात मॅगेलनचं शेवटी काय झालं तेही आहे.

माईंच्या फोटोला माझा नमस्कार. वहिनींना सांग, सुके मासे आणतोय, वास येईल.

तुझाच,
नाना

ता. क. पानाच्या दोन्ही बाजूंना एवढा समास का सोडलाय म्हणून कागदाचा हिशेब मांडू नकोस. समोरचं दिसतं म्हणाल्या, म्हणून सगळं मधोमध लिहिलंय.