राजारामपुरीतल्या बाईंना जाहीर पत्र

आदरणीय बाई,
सा. न.

ओईटीचा, म्हणजे परदेशात नर्सिंग करायला लागणाऱ्या इंग्रजीच्या परीक्षेचा, निकाल फोनवर सांगितला, तर तुम्ही "बरं झालं. आता तुझ्या मैत्रिणीला पाठव" एवढंच बोलून फोन ठेवलात. आभार मानायला जागाच दिली नाहीत, म्हणून हे असं चारचौघांत.

बारावीपर्यंत माझी मराठी शाळा, मग जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा. चार्ट, औषधांची नावं, नर्सिंग नोट्स इंग्रजीतच असतात, त्यात काही अडत नव्हतं. अडायचं ते सलग चार वाक्यं बोलताना. आधी एक क्लास लावला होता. तिथं भरपूर फी घेऊन जडजड शब्दांची यादी पाठ करायला दिली. तुम्ही ती यादी बघितलीसुद्धा नाहीत. "रात्रीच्या पेशंटची ओव्हर दे," म्हणालात, "मराठीत." ओव्हर म्हणजे ड्यूटी बदलताना पेशंटची माहिती पुढच्या सिस्टरला सांगणं. आत्ता काय होतंय, आधीचं काय, तुला काय वाटतं, डॉक्टरांनी काय करावं. या चार प्रश्नांचं, कॉलेजात शिकलेलं एसबीएआरच ते, पण आधी मराठीत नीट बसलं आणि मग इंग्रजीत आपोआप उतरलं.

रायटिंगला ४५ मिनिटं, त्यातली पहिली ५ नुसती वाचायची. केस नोट्स, म्हणजे पेशंटची माहिती, भरमसाट आणि त्यावरून लिहायचं पत्र साधारण १८० ते २०० शब्दांचं. "हे पत्र कोण वाचणार? घरी येऊन ड्रेसिंग करणारी नर्स ना? मग लहानपणीच्या टॉन्सिलचं तिला काय काम?" असं म्हणत तुम्ही माझी निम्मी वाक्यं उडवायचात. यूकेच्या नर्सिंग कौन्सिलला रायटिंगमध्ये ३०० गुण चालतात, बाकी तिन्हींत ३५० लागतात. तरी घासून घेतलंत ते रायटिंगच. राग यायचा, खरं सांगते.

रोल-प्लेत मात्र तुम्ही कमाल करायचात. इन्सुलिन नको म्हणून अडून बसलेली आजी! इंग्रजीतूनच विचारायचात, म्हणजे आता तांबडा-पांढरा कायमचा बंद का? मी डाएटचं भाषण सुरू केलं की तोंड फिरवून बसायचात. आधी आजीला कशाची भीती वाटते ते विचारल्याशिवाय वळायचा नाहीत. स्पीकिंगमध्ये व्याकरण-उच्चारांबरोबर पेशंटचं ऐकून घेण्यालाही गुण असतात, हे त्या क्लासात कुणी बोललंच नव्हतं. आता वॉर्डात मराठी बोलतानाही मी आधी विचारते.

आमची शिफ्ट बघून तुम्ही शिकवायची वेळ बदलायचात. नाईट करून आलेलीला आधी चहा-पोहे, मग लिसनिंग. फीचं पाकीट मात्र दोनदा परत केलंत.

आता सीबीटीचा, म्हणजे यूकेसाठीच्या पुढच्या, कॉम्प्युटरवरच्या नर्सिंग परीक्षेचा अभ्यास सुरू केलाय. मैत्रीण सोमवारी येईल, मॉर्निंग संपली की. स्पीकिंगला घाबरते, तिच्यासाठी आजी जरा कमी हट्टी ठेवा.

तुमची,
एक सिस्टर, कोल्हापूर