एक सोडलं, दुसरं धरलं?

प्रिय ताई,

रविवारच्या कॉलवर बाबा जे बोलले ते मी हसून टाळलं, फोन ठेवला आणि मग रात्रभर तेच डोक्यात. "एक सोडलं, दुसरं धरलं." का, तर टेबलावरची गोळ्यांची पाकिटं त्यांना कॅमेऱ्यात दिसली. आई तेवढंच म्हणाली की अजून किती दिवस घ्यायच्यात, आणि खरं सांगू, ते जास्त लागलं. कॉलवर मला असलं बोलता येत नाही, नेट अडकतं आणि मीपण अडकतो, म्हणून लिहितोय. तू आधी वाच आणि मग दोघांना वाचून दाखव. झोपेच्या गोळीचा भाग गाळू नकोस, बाबांसाठी तोच महत्त्वाचा आहे.

आठ महिने झाले दारू थांबून. पहिले सहा दिवस ॲडमिट होतो ते तुम्हाला माहितीये, माझ्यासारख्या रोज भरपूर पिणाऱ्यानं घरच्या घरी एकदम बंद केली तर फिट येऊ शकते, भ्रम होतो, जिवावर बेतू शकतं, म्हणून तिथं औषधावर ठेवून उतरवतात. बाहेर आलो तेव्हा सगळे खूश होते, तू तर फोनवर रडलीस. आणि त्यानंतरचे आठवडे माझ्या आयुष्यातले सगळ्यात वाईट होते हे मी कुणालाच सांगितलं नाही, सांगणार तरी कसं, तुम्ही सगळे इतके आनंदात आणि मी सकाळी उठून एक मोजा घालून अर्धा तास तसाच बसलेला.

डॉक्टर म्हणाल्या, थांबूया. दारू स्वतःच माणसाला नैराश्यात ढकलते, बऱ्याच जणांचं ते मळभ दारू थांबल्यावर तीनचार आठवड्यांत आपोआप हटतं, मग उगाच गोळी कशाला. तोवर फक्त तलफ कमी करायची गोळी दिली, नाल्ट्रेक्सोन. माझ्याबरोबर बाहेर पडलेल्या दोघांचे चेहरे खरंच उजळायला लागले, मी मात्र होतो तिथंच. महिन्यानं त्यांनी एक नऊ प्रश्नांचा फॉर्म भरून घेतला, त्यात शून्य ते २७ असे मार्क असतात आणि जास्त मिळाले की वाईट, मला १९ मिळाले. शाळेत एवढे मिळाले असते तर बाबा खूश झाले असते. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा आहे, त्यावर मी खरं उत्तर लिहिलं. त्यांनी लॅपटॉप बंद केला आणि नुसत्या बोलत बसल्या माझ्याशी. आता ते विचार नाहीयेत, म्हणूनच लिहू शकतोय, घाबरू नकोस आणि आईला हे वाचताना तिच्या जवळ बस.

मग त्यांनी विचारलं, दारूच्या आधी कधी असं झालं होतं का?

ताई, बारावीला मी मागच्या खोलीत कडी लावून बसायचो आठवतंय? बाबा सगळ्यांना सांगायचे पोरगा अभ्यास करतोय. मी भिंतीकडे तोंड करून पडलेला असायचो, पुस्तक उशाशी उघडं, कुणी आलंच तर दिसावं म्हणून. दारू त्यानंतर तीन वर्षांनी आली आणि पहिल्यांदा प्यायलो तेव्हा डोक्यातला तो आवाज बंद झाला होता, मजा वगैरे काही नाही, नुसता बंद झाला. म्हणजे क्रम तुम्हाला वाटतो तसा नाहीये. तुम्हाला वाटतं दारूनं पोराचं मन खराब केलं. केलंच, ते मी नाकारत नाही, पण मन आधीपासून आजारी होतं आणि दारू हे मी स्वतःच शोधलेलं त्यावरचं औषध होतं, अत्यंत वाईट औषध.

तेव्हा कुठं दुसरी गोळी सुरू झाली, नैराश्यावरची, सर्ट्रालिन. आधी ५० मिलिग्रॅम, आता १००. पहिले दोन आठवडे नुसती मळमळ, झोप विचित्र, आणि अजून एक त्रास झाला जो बहिणीला लिहिण्यासारखा नाही, तो डॉक्टरांना सांगितलाय. फायदा व्हायला महिना गेला आणि तो झाला तोही असा गुपचूप, एक दिवस आंघोळ करून बाहेर आलो आणि लक्षात आलं की आज आंघोळीला जायला स्वतःशी भांडावं लागलं नाही. इतकंच. गोळीनं आनंद होत नाही गं, खूप जणांना वाटतं तसा, पायाखाली फक्त जमीन लागते, चालायचं आपल्यालाच.

आता बाबांसाठी. बाबा, तुमची शंका चुकीची नाहीये, अशा गोळ्या असतात. मी स्वतः डॉक्टरांकडे झोपेची गोळी मागितली होती, अगदी हट्टानं, आणि त्यांनी स्वच्छ नाही म्हटलं. कारण तसल्या बऱ्याचशा गोळ्या मेंदूत दारू जिथं काम करते तिथंच काम करतात, लगेच शांत वाटतं आणि माझ्यासारख्याला त्याची सवय लागायला वेळ लागत नाही. ॲडमिट होतो तेव्हा त्याच जातीचं औषध देत होते, पण मोजून, आणि निघताना बंद केलं. मी आता घेतो त्या दोन्हींत नशा नाही, दोन घेतल्या तर दुप्पट बरं वाटत नाही. एकदा कामाच्या गडबडीत सर्ट्रालिन ओळीनं तीन दिवस विसरलो, तर डोक्यात बारीक करंट बसल्यासारखं व्हायला लागलं आणि चक्कर. शरीराला तिची सवय होते हे खरंय, म्हणून ती बंद करताना डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करायची असते. पण मी ती विसरलो, बाबा. एवढ्या वर्षांत मी दारू कधी विसरलो होतो का?

आणि दोन गोळ्या कशाला, एक पुरत नाही का, हे मीपण विचारलं होतं. २०१० साली अमेरिकेतला एक अभ्यास छापून आलाय, नैराश्य आणि दारू दोन्ही असलेली १७० माणसं, १४ आठवडे, नेमक्या माझ्या याच दोन गोळ्या. दोन्ही मिळाल्या त्यांच्यापैकी निम्म्याहून जास्त माणसं उपचाराच्या काळात दारूपासून लांब राहिली, एकच मिळाली किंवा औषधच नसलेली नुसती खोटी गोळी मिळाली त्यांच्यात साधारण चारात एक. आणि समुपदेशन त्यात सगळ्यांनाच मिळत होतं. अभ्यास लहान आहे, मी काही त्याची पूजा करत नाही, पण नुसती मनाची गोळी घेऊन दारू सुटत नाही हे त्यातून दिसतं.

थेरपीबद्दल आईला उत्सुकता आहे, बाई तुला काय सल्ले देते विचारत होती. सल्ले देतच नाही गं ती! दर गुरुवारी पाऊण तास, आणि ती मला एका वहीत लिहायला लावते. म्हणजे बघ, साहेबांनी मेलला उत्तर दिलं नाही, लगेच डोक्यात आलं की मी कुचकामी आहे, आणि संध्याकाळी पाचला तोंडाला कोरड. हे तीन वेगवेगळे तुकडे आहेत हे मला एवढ्या वर्षांत कळलंच नव्हतं, मला वाटायचं तलफ आभाळातून पडते. साहेब सुट्टीवर होते, हे दुसऱ्या दिवशी कळलं. शिवाय ती मला मूड नसताना कामं करायला लावते, मूड यायची वाट बघायची नाही, चपला घालून दारापर्यंत जायचं, तेवढंच ठरवायचं. मला आधी हे बालिश वाटायचं. बीपीच्या गोळीसारखीच ही गोळी समजा असं सगळे सांगतात ना, मला ते अर्धंच पटतं, बीपीच्या गोळीबरोबर कुणी चपला घालायला शिकवत नाही.

दारू सोडणाऱ्यांच्या एका ग्रुपमध्ये एक जण म्हणालाच होता, गोळ्या घेणारा खरा सोबर नाही. चार दिवस मी गोळी हातात घेऊन विचार करत बसायचो. मग थेरपिस्टनं सांगितलं की १९३५ मध्ये ए.ए., म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही दारू सोडणाऱ्यांची संघटना, सुरू करणाऱ्या दोघांपैकी बिल विल्सन स्वतः दारू सुटल्यावरही वर्षानुवर्षं नैराश्यानं बेजार होता, आणि सभासदांनी डॉक्टरकी करू नये हे त्यांच्याच पुस्तिकेत छापलंय. तो ग्रुप मी बदलला.

अजून एक, मावशीला सांग. ती म्हणत होती तिच्या ओळखीतल्या कुणीतरी नवऱ्याला न सांगता जेवणातून दारू सोडायची गोळी द्यायला सुरुवात केलीये. ती बहुतेक डायसल्फिराम असणार. त्यावर दारू प्यायली तर छाती धडधडते, बीपी कोसळतं, माणूस जाऊसुद्धा शकतो, आणि गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत तो धोका राहतो. माणसाला माहीत असेल आणि डॉक्टरांनी तपासून दिली असेल तरच ती द्यायची. प्लीज आजच फोन कर.

आईच्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. नीट बरं वाटायला लागल्यापासून निदान सहा महिने तरी गोळी असते, आणि मला हे आधी बारावीला होऊन गेलंय म्हणून डॉक्टर जास्तच ठेवायचं म्हणतायत. तारीख नाहीये, आई. दर वेळी विचारलंस की मला वाटतं मी उशीर करतोय.

पुढच्या महिन्यात येतोय. गोळ्या पिशवीच्या पुढच्या कप्प्यात असतील, कुणी लपवू नका आणि कुणी मोजू नका. बाबांना काही विचारायचं असेल तर मला विचारा, आईमार्फत नको. आणि मला ती मागची खोली द्या, रात्री ग्रुपची ऑनलाइन मीटिंग असते आणि वही लिहायला अर्धा तास लागतो. कडी लावेन मी आतून. पण दार वाजवलंत तर उघडेन.

तुझा,
धाकटा