मुंबईत क्लब फक्त साहेबांचेच होते काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला मुंबईच्या क्लबांवरचा लेख वाचून जो राग आला, तो अजून उतरलेला नाही. भायखळा क्लब, यॉट क्लब, १८७५ चा बॉम्बे जिमखाना, १९३३ ची क्रिकेट कसोटी आणि लाला अमरनाथचे शतक, सगळे आले. त्याच जिमखान्यात तेव्हा हिंदुस्थानी माणसाला सभासद होता येत नव्हते, हे एका वाक्यात उरकले. आणि गोदीत हमाली करणारी, गिरणीत साचे म्हणजे माग चालवणारी लाखो माणसे पाळी सुटल्यावर कुठे जमत होती, याबद्दल अक्षर नाही!

१८८० साली प्रिन्सेस डॉक सुरू झाला, तिकडे गिरण्या वाढत होत्या. रत्नागिरी-साताऱ्याची माणसे आली ती आपापले गाव बरोबर घेऊनच. एका गावाची एक खोली, पाळीपाळीने झोपायचे, जेवण खानावळीत आणि खोलीचा कारभार गावकरी मंडळाकडे. गोव्याच्या तारवटींचे, म्हणजे बोटींवरच्या खलाशांचेही तेच. धोबीतलावच्या जेर महालात त्यांच्या गावागावांचे क्लब आहेत. भिंतीला ओळीने ट्रंका, संध्याकाळी सगळ्यांनी मिळून रोझरीची प्रार्थना, आणि बोट मिळेपर्यंत मुक्काम. हेही लेखकाला दिसू नयेत?

माझे वडील डिलाईल रोडच्या चाळीतल्या आमच्या गावच्या मंडळाचे चिटणीस होते. पगारानंतरच्या रविवारी बैठक, गैरहजर राहणाऱ्याला चार आणे दंड. लाल कापडी बांधणीची त्यांची लांबट वही मी लहानपणापासून पाहिली. डाव्या पानावर वर्गणी, उजव्या पानावर खर्च. गावच्या शाळेची कौले, पखवाजाची पुडी, कुणाच्या मयताला गावी तार. ८२ च्या गिरणी संपात डावे पान महिनोन्महिने रिकामे आहे, उजवीकडे मात्र तांदूळ, रॉकेल, एसटीचे भाडे असा खर्च चालूच. ही मदत कुणाला दिली, ते नाव वडिलांनी एकाही ओळीत लिहिलेले नाही. उद्या कुणाच्या पोराने वही उघडली तर बापाची मान खाली जायला नको, असे ते म्हणत.

गिरणगावावरच्या एका प्रदर्शनासाठी ही वही एका संस्थेने नेली. आज देतो, उद्या देतो, असे करत शेवटी “जुनी कागदपत्रे बरीच आली होती, शोधावे लागेल” एवढेच उत्तर मिळाले. ना पोच, ना दिलगिरी. जिमखान्याच्या सभासदांचे रजिस्टर असते तर काचेच्या कपाटात ठेवले असते. आमच्या माणसांनी लिहून ठेवले नाही, असे कृपा करून कुणी म्हणू नये. लिहिलेले जपायला कुणी तयार नव्हते.

कामगार नेते ना. म. जोशींनी १९११ मध्ये सोशल सर्व्हिस लीग ही संस्था काढली, कामगारांसाठी वाचनालये, रात्रशाळा चालवल्या. १९२२ पासून परळच्या दामोदर हॉलमध्ये कामगारांची नाटके झाली, कोकणातले नमन झाले, जाखडी झाली. २०२३ मध्ये पुनर्विकासासाठी ते नाट्यगृह बंद झाले तेव्हा रंगकर्मींनी आवाज उठवला, त्याची बातमी आपणही छापली असेल. क्लबांच्या लेखात परळचे नावही नसावे, याचे वाईट वाटते.

आणखी एक. आपल्या वृत्तपत्रात पूर्वी मंडळांच्या सभा, भजनाच्या डबलबाऱ्या, कबड्डीचे निकाल दोन-दोन ओळींत का होईना, येत असत. आता असे निवेदन घेऊन गेले की जाहिरातीचा दर सांगतात. वर्गणीवर चालणाऱ्या मंडळाने तो कुठून भरायचा?

लेखाखाली ‘क्रमशः’ आहे. पुढचा भाग गावकरी मंडळांवर येऊ द्या. शिवडी, काळाचौकी, करी रोड इथे जुने चिटणीस अजून आहेत आणि त्यांच्या घरी वह्याही आहेत. आपला वार्ताहर पाठवा, त्याला घेऊन मी स्वतः फिरेन. वह्यांचे फोटो मात्र तिथेच बसून काढावेत. वही घराबाहेर जाणार नाही.

आपला,
एक जुना वाचक, लोअर परळ