चाळीस मुलं, एकच शिट्टी

मा. संपादक, स.न.वि.वि.

गुहागर, दापोलीच्या वाळूत सैन्यभरतीचा सराव करणारी पोरं एकाच घोळक्यात पळवली जातात. पायदळात मात्र सेक्शन, म्हणजे सर्वात लहान तुकडी, साधारण 10 जणांचं. कमांडर बहुधा हवालदार, हाताखाली नाईक. अशा 3 सेक्शनची प्लाटून. दोघांत 6 मीटर अंतर ठेवलं तरी 10 जणांची रांग 54 मीटर होते. समुद्राच्या गाजेत तिथवर हाक पोचणं कठीण, म्हणून गट याहून मोठा नको. सेक्शन फार लहान केलं, तर दोघे जखमी होताच उचलणाऱ्यांसकट ते निकामी! सेक्शनमधला एलएमजी (हलकी मशीनगन) गट मारा करतो, तेव्हाच रायफल गट पुढे सरकतो. कमांडर पडल्यास सूत्रं कोणाकडे, हे आधीच ठरलेलं असतं.

प्रशिक्षकांनी दहा-दहाचे गट पाडावेत, गटप्रमुख रोज बदलावा आणि शिट्टी खिशात ठेवून हाताच्या खुणांवर पळवावं.

– एक माजी सैनिक, रत्नागिरी