विषय : नवी मुंबई विमानतळ परिसराच्या उपग्रह प्रतिमेतील स्थानदोषाबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

मी फ्लाइट सिम्युलेटरसाठी, म्हणजे संगणकावर विमान चालवण्याचा अनुभव देणाऱ्या प्रणालीसाठी, विमानतळांची सीनरी (परिसराची दृश्ये) तयार करते. हे काम मी एकटी, उपजीविकेसाठी करते. नवी मुंबई विमानतळाच्या सीनरीसाठी मी आपल्याकडून 30 सेंटिमीटर पृथक्करणाची (म्हणजे एक पिक्सेल जमिनीवरील 30 सेंटिमीटरचा), भूपृष्ठाच्या उंचीनुसार दुरुस्त केलेली आणि एकाच दिवशी टिपलेली प्रतिमा विकत घेतली. या विमानतळाचे उद्घाटन 8 ऑक्टोबर 2025 रोजी झाले असल्याने प्रतिमा त्यानंतरचीच हवी, असेही मागणीपत्रात स्पष्ट लिहिले होते. तारखेची अट आपण पाळलीत. पण जी दुरुस्ती करून देण्यासाठी आपण वेगळे शुल्क घेतलेत, तीच चुकीची झाली आहे.

विमानतळाच्या जागेवर पूर्वी सुमारे 90 मीटर उंचीची उलवे टेकडी होती आणि विमानतळासाठी ती सुरुंग लावून सपाट करण्यात आली, हे पनवेल-उरण भागात सर्वांना ठाऊक आहे. आपल्या मेटाडेटा फाइलमध्ये (प्रतिमेच्या तांत्रिक नोंदींच्या फाइलमध्ये) मात्र दुरुस्तीसाठी एसआरटीएम या मोहिमेचे उंची-प्रारूप, म्हणजे जमिनीच्या उंचीचा संगणकीय नकाशा, वापरल्याची नोंद आहे. ते प्रारूप फेब्रुवारी 2000 मध्ये अंतराळयानातून केलेल्या रडार मोजणीवर आधारलेले आहे, म्हणजे त्यात टेकडी अजून उभी आहे. उपग्रह तिरका पाहत असेल, तर त्या जागेची उंची हिशेबात धरूनच प्रत्येक पिक्सेल नकाशावर बसवावा लागतो; उंची चुकली की पिक्सेल सरकतो. आपल्याच नोंदीनुसार ही प्रतिमा उभ्या रेषेपासून 25 अंश कलून टिपलेली आहे. 90 मीटरच्या चुकीला त्या कोनाच्या टॅनने गुणले, तर सरकण्याचे अंतर 40 मीटरच्या पुढे जाते, म्हणजे 30 सेंटिमीटरचे सव्वाशेहून अधिक पिक्सेल. प्रत्यक्षातही तसेच दिसते. आवारातला सरळ डांबरी रस्ता टेकडीच्या जुन्या जागेवर येताच धनुष्यासारखा वाकतो आणि पलीकडे पुन्हा सरळ होतो.

माझ्या पहिल्या तक्रारीवर आपल्या प्रतिनिधींनी दिलेले उत्तर असे होते की, प्रतिमेचे पृथक्करण 30 सेंटिमीटर आहे, त्यामुळे माल मागणीनुसारच आहे. हे उत्तर मला मान्य नाही. धावपट्टीच्या टोकावरचे सुमारे 1.8 मीटर रुंदीचे पांढरे पट्टे या प्रतिमेत वेगवेगळे मोजता येतात, हे मी प्रामाणिकपणे नमूद करते. परंतु सिम्युलेटरमध्ये चित्र नुसते पाहायचे नसते, त्यावर विमान उतरवायचे आणि चालवायचे असते. दिवे, इमारती आणि टॅक्सीवे मी अधिकृत सहनिर्देशांकांवर मांडते. खालचे चित्रच जागेवर नसेल, तर ते कितीही स्पष्ट असले तरी माझ्या उपयोगाचे नाही.

दुसरा दोष एकाच दिवसाच्या अटीचा. पनवेल खाडीवरून प्रतिमेत एक सरळ जोड गेला आहे. त्याच्या एका बाजूला भरतीचे पाणी तिवरांच्या बुंध्यांपर्यंत चढलेले आहे, तर दुसऱ्या बाजूला ओहोटीची करडी दलदल उघडी पडली आहे. दोन वेगवेगळ्या दिवसांच्या पट्ट्या येथे जोडल्या आहेत, हे उघड आहे. जमीन आणि पाणी वेगळे करणारा मुखवटा मी याच प्रतिमेवरून आखते. ही किनाररेषा नेमकी कुठली धरायची? रंग जुळवून हा जोड झाकता येईल, असे आपल्याकडून सुचवण्यात आले, पण रंग जुळवल्याने पाण्याची पातळी जुळत नाही.

तरी माझी मागणी अशी आहे की, विमानतळ झाल्यानंतरच्या उंचीच्या माहितीवर आधारित दुरुस्ती करून, एकाच दिवसाची प्रतिमा मला विनाशुल्क द्यावी. ते शक्य नसेल, तर एकाच दिवसाची मूळ, दुरुस्ती न केलेली प्रतिमा तिच्या आरपीसी गुणकांसह (जमिनीवरील जागा आणि पिक्सेल यांचे नाते सांगणाऱ्या आकड्यांसह) द्यावी, म्हणजे दुरुस्ती मी स्वतः करीन. मात्र त्या परिस्थितीत दुरुस्तीसाठी घेतलेले शुल्क परत करावे. यांपैकी काहीच करता येत नसेल, तर संपूर्ण रक्कम परत मिळावी. पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास, ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 अन्वये जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागावी लागेल.

वाकलेल्या रस्त्याचे आणि खाडीवरील जोडाचे चित्र, तसेच मेटाडेटा फाइलची प्रत सोबत जोडली आहे.

आपली विश्वासू,
एक ग्राहक