पीएच.डी.ची मुदत मोजताना विद्यापीठाचेही दिवस मोजा

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

पीएच.डी.ला प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याचे काम समाधानकारक मानले जात आहे की नाही, हे त्याला नोंदणी रद्द होण्याची नोटीस हातात पडेपर्यंत नीट कळत नाही, अशी प्रकरणे मी संशोधन मार्गदर्शक आणि विद्यार्थ्याच्या कामावर देखरेख ठेवणाऱ्या संशोधन सल्लागार समितीचा सदस्य या नात्याने वारंवार पाहिली आहेत. नियम अपुरे आहेत म्हणून हे घडते असे नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने नोव्हेंबर २०२२मध्ये अधिसूचित केलेली पीएच.डी.विषयक नियमावली बऱ्याच अंशी स्पष्ट आहे. मात्र तिच्यातील विद्यार्थ्यावरची बंधने काटेकोरपणे लागू होतात आणि संस्थेवरची बंधने कागदावर राहतात, ही माझी तक्रार आहे.

विद्यार्थ्यासाठीचे हिशेब सर्वांना तोंडपाठ असतात. कोर्सवर्क, म्हणजे सुरुवातीचा अभ्यासक्रम, धरून किमान तीन वर्षे आणि प्रवेशाच्या तारखेपासून कमाल सहा वर्षे. फेरनोंदणी मिळाल्यास आणखी दोन, म्हणजे एकूण आठ. महिला आणि ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्या संशोधकांना आणखी दोन वर्षांची सवलत मिळू शकते, पण एकूण कालावधी दहा वर्षांपलीकडे जात नाही. कोर्सवर्क किमान १२ श्रेयांकांचे (क्रेडिट) असते आणि त्यात ५५ टक्के गुण किंवा समतुल्य श्रेणी मिळाल्याशिवाय पुढे जाता येत नाही. या अटींबद्दल माझी हरकत नाही. संशोधन अनंत काळ रेंगाळू नये, हे विद्यार्थ्याच्याच हिताचे आहे.

आता याच नियमावलीची दुसरी बाजू पाहावी. प्रत्येक सत्रात विद्यार्थ्याने सल्लागार समितीपुढे सादरीकरण करायचे, प्रगतीचा संक्षिप्त अहवाल द्यायचा आणि समितीने आपल्या शिफारशी संस्थेकडे पाठवताना त्यांची प्रत विद्यार्थ्यालाही द्यायची, असे त्यात म्हटले आहे. प्रगती असमाधानकारक वाटल्यास समितीने कारणे नोंदवून सुधारणेचे उपाय सुचवायचे आहेत, आणि ते उपाय विद्यार्थ्याने अमलात आणले नाहीत तरच नोंदणी रद्द करण्याची शिफारस करता येते. हा क्रम विद्यार्थ्याचे खरे संरक्षण आहे.

प्रत्यक्षात काय होते? सहामाही अहवालाच्या छापील नमुन्यात अभिप्रायासाठी दोन ओळींची जागा असते. तिथे ‘प्रगती समाधानकारक’ एवढे दोन शब्द लिहिले जातात, खाली सदस्यांच्या सह्या होतात आणि कागद फाइलला लागतो. अनेकदा सादरीकरण झालेलेच नसते. सह्या घेण्यासाठी विद्यार्थीच या खोलीतून त्या खोलीत फिरतो. माझ्या पाहण्यातल्या एका विद्यार्थिनीच्या फाइलमध्ये असे आठ अहवाल ओळीने ‘समाधानकारक’ होते. पाचव्या वर्षी सिनॉप्सिस, म्हणजे प्रबंधाचा सारांश, देण्यापूर्वीच्या सादरीकरणात तिला सांगण्यात आले की नमुना निवडच, म्हणजे माहिती कोणाकडून घ्यायची ही निवडच, सदोष आहे आणि माहिती पुन्हा गोळा करावी लागेल. ती महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवत होती, अधिछात्रवृत्ती, म्हणजे संशोधनासाठीचे विद्यावेतन, नव्हती. नमुना निवडीचा तपशील पहिल्याच वर्षीच्या आराखड्यात दिलेला होता. तो वाचून आक्षेप घेणे समितीचे काम होते. तरीही मुदतवाढीच्या अर्जावर शेरा पडला तो ‘विद्यार्थ्याकडून विलंब’ असा. हा अन्याय आहे, आणि तो कोणाच्या दुष्ट हेतूने नव्हे, तर सही करण्यापूर्वी कागद न वाचण्याच्या सवयीने होतो, म्हणून तो थांबवणे अवघड नाही.

प्रबंध सादर झाल्यानंतरची कथा वेगळी नाही. मार्गदर्शकाखेरीज किमान दोन बाह्य परीक्षकांनी प्रबंध तपासायचा असतो आणि मौखिक परीक्षेच्या निकालापर्यंतची सगळी प्रक्रिया सहा महिन्यांत पूर्ण होईल अशी व्यवस्था संस्थेने उभी करायची असते. परीक्षकांची संमती येण्यातच काही महिने जातात, स्मरणपत्र केव्हा पाठवले याची नोंद विद्यार्थ्याला दाखवली जात नाही आणि विचारायला गेल्यास ‘अहवाल अजून आलेला नाही’ यापलीकडे उत्तर मिळत नाही. या काळात सहायक प्राध्यापकपदाची जाहिरात निघाली, तर सर्व काम पूर्ण करूनही उमेदवाराला पीएच.डी.धारक म्हणून अर्ज करता येत नाही. ज्यांना कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळते त्यांचीही अडचण होते, कारण तिचा एकूण कालावधी पाच वर्षांचा आहे, म्हणजे पदवीच्या कमाल मुदतीपेक्षा एक वर्ष कमी. विद्यापीठाच्या दिरंगाईचा प्रत्येक महिना विद्यार्थी स्वतःच्या खिशातून भरतो.

प्राध्यापकांची बाजूही मी नाकारत नाही. नियमाप्रमाणे एका प्राध्यापकाकडे आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार विद्यार्थी असू शकतात. अध्यापन, परीक्षा आणि मूल्यांकनाची कागदपत्रे सांभाळून प्रत्येकाचे प्रकरण बारकाईने वाचणे कष्टाचे आहे, आणि रिक्त पदांमुळे ते अधिकच कठीण झाले आहे. पण ज्याला वाचायला वेळ नाही त्याने विद्यार्थी कमी घ्यावेत. सहीचा भार हलका करण्यासाठी विद्यार्थ्याची वर्षे खर्ची घालता येणार नाहीत.

यासाठी नवा कायदा लागत नाही. विद्यापीठांनी एवढे करावे: सहामाही अहवालात काय मान्य झाले, काय अपुरे आहे आणि ते कोणत्या तारखेपर्यंत पूर्ण करायचे, हे समितीने वाक्यांत लिहावे आणि त्याची प्रत विद्यार्थ्याच्या पोचसहीने त्याच आठवड्यात द्यावी. अशी लेखी सूचना दिलेली नसेल तर असमाधानकारक प्रगतीच्या कारणावरून नोंदणी रद्द करू नये. प्रबंध सादर झाल्याची तारीख, परीक्षकांना तो पाठवल्याची तारीख आणि अहवाल मिळाल्याची तारीख, परीक्षकांची नावे गुप्त ठेवूनही, विद्यार्थ्याला विद्यापीठाच्या संकेतस्थळावरील त्याच्या खात्यात दिसू शकते. आणि मुदतवाढीचा अर्ज विचारात घेताना समितीमुळे वा कार्यालयामुळे गेलेले महिने वेगळे काढून विद्यार्थ्याच्या हिशेबातून वजा करावेत. नव्या सत्राच्या सल्लागार समित्यांच्या बैठका लागण्यापूर्वी विद्यापीठांच्या पीएच.डी. विभागांनी याबाबतचे परिपत्रक काढावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त संशोधन मार्गदर्शक